लोहाराचा भाता आणि यंत्राचा हात

वेल्डर मिळत नाहीं, पत्रा वाकविणारा टिकत नाहीं, भट्टीपाशीं उभें राहण्यास तरुण तयार होत नाहींत, अशी तक्रार धातुकामाच्या कारखान्यांतून हल्लीं वारंवार ऐकूं येते. तिच्यावर उपाय म्हणून लवचिक स्वयंचलनाचें नांव पुढें केलें जातें. एकच यंत्र, केवळ त्यास दिलेल्या आज्ञा बदलून, निरनिराळ्या कामांस जुंपावयाचें, असा त्याचा थोडक्यांत अर्थ. हा उपाय दिसतो तितका नवा नाहीं. आणि मोठ्या शहरांपेक्षां हिंगोलीसारख्या जिल्ह्यास त्याचा विचार करण्याचें अधिक कारण आहे, असें आम्हांस वाटतें.

हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा १९९९ सालीं झाला. परंतु कळमनुरी, वसमत, औंढा या मुलखांतील लोहाराची ऐरण त्याहून कितीतरी जुनी. बारा बलुतेदारांपैकीं तो एक. वर्षभर तो फाळ पाजवून देई, वखराची पास करी, विळे-कुऱ्हाडी घडवी, गाडीच्या चाकास धाव चढवी, आणि सुगीस खळ्यावर धान्याच्या रूपानें आपलें बलुतें घेई. सकाळीं विळा झाला, दुपारीं धाव. ऐरण तीच, सांडस तीच, भाता तोच. बदलत असे ती त्याच्या मनांतील आकृति. मात्र या कामास गति नव्हती. पेरणीच्या तोंडावर साऱ्या गांवानें त्याच्या दाराशीं खोळंबावें, आणि घण मारणारा जोडीदार नसला तर ऐरण थंड पडावी! हातांची वाण त्या काळींही होतीच.

कारखान्यांचें युग आलें तें या उणिवेवर उत्तर घेऊन. १९१० सालीं लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं औंध संस्थानांत, कुंडल रोड स्थानकाजवळील माळावर, किर्लोस्करवाडी वसविली. (हें औंध सातारकडील, हिंगोलीचें औंढा निराळें.) लोखंडी नांगरानें जमीन नासते, ही शेतकऱ्यांची समजूत हळूहळू दूर करावी लागली, शिकलेले कारागीर आयते नसल्यामुळें खेड्यांतील माणसें हाताशीं धरून तयार करावीं लागलीं. पुढें साच्यांतून एकसारखे भाग निघूं लागले, आणि झिजलेला भाग काढून नवा बसविणें शेतकऱ्यास सोपें झालें. परंतु या पद्धतीस एक अट आहे: एकाच प्रकारची वस्तु हजारोंनीं खपली पाहिजे. साच्याचा खर्च दहा नगांवर निघत नाहीं. लोहारापाशीं लवचिकपणा होता, वेग नव्हता. कारखान्यास वेग आला, लवचिकपणा गेला.

हे दोन गुण एकत्र आणण्याची खटपट दुसऱ्या महायुद्धानंतर सुरू झाली. १९५२ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेंत छिद्रें पाडलेल्या फितीवरून आज्ञा घेऊन धातु कापणारें यंत्र दाखविण्यांत आलें. फीत बदलली कीं काम बदललें. १९६१ सालीं जनरल मोटर्सच्या न्यू जर्सींतील कारखान्यांत ‘युनिमेट’ हा यंत्रमानव रुजू झाला. साच्यांतून निघालेले तप्त भाग उचलण्याचें, म्हणजे माणसास नकोसें असलेलें काम त्याच्या वांट्यास आलें. कामगारांच्या टंचाईनें गांजलेल्या जपानांत कावासाकी कंपनीनें १९६९ पासून तोच यंत्रमानव बनविण्यास आरंभ केला. परंतु आमच्या दृष्टीनें अधिक बोधप्रद उदाहरण स्वीडनचें होय. तेथील आसेआ कंपनीच्या विजेवर चालणाऱ्या यंत्रमानवाचें पहिलें गिऱ्हाईक, १९७४ सालीं, कोणी मोटारींचा बडा कारखानदार नव्हता. तो एका खेड्यांतील लहानसा कारखाना होता, आणि तेथें हा यंत्रमानव पोलादी नळ्यांस झिलई देई.

हीच गोष्ट हिंगोलीस लागू पडते. वसमतच्या हळदीस २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. पूर्वीं हळद उघड्या काहिलींत शिजवीत. त्या कामास माणसें मिळेनाशीं झालीं तशीं वाफेवर शिजविणारीं पिंपें आणि हळकुंडें घोळून त्यांस चकाकी आणणारे फिरते ढोल आले. हीं साधनें पत्रा कापून, वाकवून व जोडून तयार होतात. एकास दोन पिंपें हवींत, दुसऱ्यास चार. एकसारखे हजार नग कोणासच नकोत. म्हणजे हें काम साच्याच्या कारखान्याचें नव्हे, जुन्या लोहाराच्या धाटणीचें आहे. आणि लवचिक यंत्र नेमकें अशाच ठिकाणीं उपयोगी पडतें. एकट्या कारागिरास त्याची किंमत झेपणार नाहीं, हें खरें. परंतु दहा-वीस जणांनीं मिळून सहकारी कर्मशाळा काढल्यास ती झेपूं शकेल.

मात्र एक गोष्ट विसरतां कामा नये. यंत्रमानवास काम ‘शिकवावें’ लागतें. हा शब्द त्या धंद्यांतलाच आहे. कुशल वेल्डर त्याचा हात धरून सांध्यावरून नेतो, कोठें थांबावें, किती झुकावें, हें दाखवितो. मग तें यंत्र तेंच काम न थकतां हजार वेळां करतें. शिकविणाराच नसेल तर यंत्र अडाणी राहतें. एकीकडे कारखानदार माणसें नाहींत म्हणतात, आणि दुसरीकडे याच जिल्ह्यांतील कित्येक कुटुंबें दिवाळीच्या सुमारास ऊंसतोडीसाठीं घर सोडतात. तेव्हां हातांची वाण आहे, हें अर्धसत्य होय. वाण आहे ती शिकविलेल्या हातांची.

औंढा तालुक्यांत गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी ‘लायगो-इंडिया’ वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारनें २०२३ सालीं मंजुरी दिली. तिच्या दोन भुजा प्रत्येकीं चार किलोमीटर लांबीच्या. त्यांतील निर्वात नळीच्या सांध्यांतून हवा आंत शिरतां कामा नये. असें काम या भूमीवर व्हावयाचें असतां सांध्याची पारख असलेला तरुण मात्र बाहेरून आणावा लागावा, हें आपणांस शोभणारें नाहीं. येथील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनीं विद्यार्थ्यास आधीं स्वतःच्या हातानें सांधा करावयास लावावें, आणि मग तोच सांधा यंत्रास शिकवावयास सांगावें. दोहोंपैकीं एकच शिकून भागणार नाहीं. भाता गेला, ऐरण गेली, त्याचें फारसें दुःख नको. परंतु लोखंड केव्हां पुरतें तापलें हें ओळखणारी नजर गेली, तर ती उणीव कोणत्याही यंत्रानें भरून येणार नाहीं.