तंतोतंत जुळणारी सही

जुलै १९६९. अपोलो ११चं उड्डाण काही दिवसांवर आलं होतं. नील आर्मस्ट्राँग, बझ ऑल्ड्रिन आणि मायकेल कॉलिन्स विलगीकरणात होते, कारण साध्या सर्दी-खोकल्यानंही मोहीम लांबणीवर पडली असती. त्या दिवसांत सरावाच्या जोडीनं तिघांनी आणखी एक काम उरकलं. टपालाच्या पाकिटांच्या चळती समोर घेऊन त्यांनी एकामागून एक शेकडो सह्या केल्या.

ही पाकिटं चंद्रावर जाणार नव्हती. विश्वासातल्या माणसांनी त्यांतल्या काहींवर १६ जुलैला, म्हणजे उड्डाणाच्या दिवशी, केनेडी स्पेस सेंटरचा टपाल शिक्का मारून घेतला. काहींवर २० जुलैला, चंद्रावर उतरण्याच्या दिवशी, ह्यूस्टनचा. मग ती पाकिटं कुटुंबांच्या हवाली झाली. तिघं परत आलेच नाहीत, तर मागे राहिलेल्यांना ती विकून घर चालवता यावं, असा हिशेब होता.

तिकीट-संग्राहकांच्या भाषेत अशा पाकिटाला 'कव्हर' म्हणतात आणि विम्याच्या संरक्षणालाही आपण कव्हरच म्हणतो. त्यामुळे या पाकिटांना 'इन्शुरन्स कव्हर' हे नाव अगदी चपखल बसलं. आर्मस्ट्राँगचा वर्षाचा पगार तेव्हा सुमारे ३० हजार डॉलर होता. पगार वाईट नव्हता, पण चंद्रावर निघालेल्या माणसाचा घसघशीत विमा परवडेल अशा हप्त्यात कोण उतरवणार? जवळ विकण्यासारखं एकच होतं : स्वतःचं नाव, स्वतःच्या हातानं लिहिलेलं.

तिघं सुखरूप परतले. विमा वापरावा लागला नाही. पद्धत मात्र पडून गेली आणि अपोलो १६पर्यंतच्या अंतराळवीरांनी अशी पाकिटं मागे ठेवली. नव्वदच्या दशकात ती लिलावात दिसू लागली आणि आज अंतराळ-संग्राहकांच्या जगात त्यांना वेगळाच मान आहे. त्यांतल्या प्रत्येक सहीमागे 'मी कदाचित परत येणार नाही' हा विचार आहे, आणि किंमत त्या विचाराची आहे.

आता याच पाकिटाची दुसरी गोष्ट बघा. जुलै १९७१मध्ये अपोलो १५ निघालं. डेव्हिड स्कॉट, आल्फ्रेड वर्डन आणि जेम्स आयर्विन हे तिघं अंतराळवीर. स्कॉटच्या पोशाखाच्या खिशात सुमारे ४०० पाकिटं होती आणि नासाच्या परवानगीच्या यादीत ती नव्हती. पाकिटं चंद्रावर जाऊन आली. यान प्रशांत महासागरात उतरल्यावर त्यांना उचलणाऱ्या 'ओकिनावा' जहाजावर ७ ऑगस्टचा शिक्का बसला. तिघांनी सह्या केल्या. यांपैकी १०० पाकिटं हर्मन झिगर या जर्मन तिकीट-व्यापाऱ्याला देण्याचं आधीच ठरलं होतं. त्या बदल्यात प्रत्येकाला सुमारे ७ हजार डॉलर मिळणार होते. मुलांच्या भविष्यासाठी तरतूद, असं त्यांच्या मनात होतं.

अपोलो मोहिमा संपेपर्यंत पाकिटं बाजारात आणायची नाहीत, अशी अंतराळवीरांची समजूत होती. झिगरनं ती त्याच वर्षी विकायला काढली. एका पाकिटाला ४,८५० मार्क. बोभाटा झाला. तिघांनी पैसे परत केले, तरी १९७२मध्ये नासानं त्यांना जाहीर ठपका दिला आणि अपोलो १७च्या राखीव तुकडीतून काढून टाकलं. उरलेली सुमारे ३०० पाकिटं सरकारनं ताब्यात घेतली. तिघांपैकी कुणीही पुन्हा अंतराळात गेलं नाही.

गोष्ट इथे संपत नाही. १९८३मध्ये नासानं अमेरिकी टपाल खात्याबरोबर मिळून चॅलेंजर यानातून सुमारे २ लाख ६० हजार पाकिटं अंतराळात नेली आणि ती लोकांना रीतसर विकली. त्याच वर्षी वर्डननं सरकारवर दावा लावला. प्रकरण न्यायालयाबाहेर मिटलं आणि जप्त केलेली पाकिटं अंतराळवीरांना परत मिळाली.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की प्रश्न पडतो. पाकीट तसंच, सही तशीच, हेतूही जवळपास तोच : मुलाबाळांची सोय. मग एकीला हळवी कहाणी म्हणायचं आणि दुसरीला घोटाळा, असं का? मला वाटतं, अपोलो ११च्या तिघांनी स्वतःची सही तारण ठेवली होती, आणि सही ज्याची त्याची असते. अपोलो १५च्या तिघांनी सहीसोबत चंद्राचा प्रवासही विकायला ठेवला. तो त्यांच्या एकट्यांच्या मालकीचा नव्हता. लाखो करदात्यांचा पैसा त्यात होता. म्हणून त्यांची चूक मला मान्य आहे. पण तेच दुकान नंतर सरकारनं स्वतः थाटलं, हे पाहिल्यावर शिक्षेचं माप जरा जास्तच पडलं असंही वाटतं.

सहीला भाव आला की नक्कल येतेच. गंमत म्हणजे सगळ्या नकला भामट्यांनी केलेल्या नाहीत. बऱ्याच नासाच्याच कार्यालयातून बाहेर पडल्या, तेही चांगल्या हेतूनं. अंतराळवीरांना पत्रांचा पूर येत असे आणि प्रत्येकाला सही केलेला फोटो हवा असे. प्रत्येक पत्राला हातानं सही करत बसले असते, तर सराव कधी केला असता? म्हणून 'ऑटोपेन' नावाचं यंत्र आलं. खऱ्या सहीवरून एक साचा कापायचा. यंत्राचा हात त्या साच्याच्या कडेनं फिरतो आणि त्याला अडकवलेलं पेन कागदावर तीच सही उमटवतं. पेन खरं, शाई खरी, कागद खरा. फक्त माणूस तिथे नाही. अशा फोटोंना खरी सही समजून लोकांनी भिंतीवर लावलं. चाळीस-पन्नास वर्षांनी नातवंडं ती चौकट उतरवून तज्ज्ञाकडे घेऊन जातात आणि तोंड पाडून परत येतात.

तज्ज्ञ हे ओळखतो कसं? मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो आणि मला या विषयाकडे खेचलं ते याच प्रश्नानं. आमच्या धंद्यात खरेपणा म्हणजे जुळणं. पासवर्डचा हॅश जुळला, आत या. फाइलचा चेकसम जुळला, फाइल अस्सल. एका बिटचा फरक पडला की दार बंद. सहीच्या बाबतीत हा नियम डोक्यावर उभा राहतो. दोन सह्या स्कॅन करा, आकार सारखा करून एकीवर दुसरी ठेवा. रेषेवर रेषा तंतोतंत बसली, तर दोन्ही संशयास्पद. कारण माणसाचा हात तीच सही दोनदा करूच शकत नाही. कधी शेपूट लांबते, कधी एखादं वळण गोल होतं, कधी अक्षर गिळलं जातं. यंत्राला हे जमत नाही. संग्राहकांनी तर एकेका अंतराळवीराच्या ऑटोपेन साच्यांचे नमुने गोळा करून ठेवले आहेत. हाती आलेली सही त्यातल्या एखाद्याशी जुळली, की निकाल लागला.

यंत्र पकडायला जुळणं कामी येतं, तर बनावट सही करणारा माणूस पकडायला वेग. खरी सही झटक्यात होते. पेन कागदाला टेकण्याआधीच हात चालू असतो, म्हणून रेषेची सुरुवात आणि शेवट निमुळते असतात. नक्कल करणारा सही करत नाही, सहीचं चित्र काढतो. हळू, जपून. त्यामुळे रेषा थरथरते, टोकं बोथट होतात, दाब सगळीकडे सारखा राहतो, मध्येच पेन थांबल्याचा ठिपका दिसतो. शिवाय माणसाची सही वयाबरोबर बदलते. म्हातारपणातली सही तरुणपणीच्या कागदावर आढळली, तर काहीतरी गडबड आहे. आणि टपाल शिक्का अस्सल असला म्हणून सही अस्सल ठरत नाही. १६ जुलै १९६९चा शिक्का असलेली कोरी पाकिटं भरपूर आहेत. त्यांवर आजही कुणी सही ठोकू शकतो.

सगळ्यात जास्त नकला झाल्या आर्मस्ट्राँगच्या. तो बरीच वर्षं मागेल त्याला सही देत असे, बहुतेकदा समोरच्याचं नाव घालून. पण त्याच सह्या मोठ्या रकमांना विकल्या जातात आणि बाजारात बनावट सह्यांचा सुळसुळाट झाला आहे, हे लक्षात आल्यावर १९९४च्या सुमारास त्यानं सही देणं बंद केलं. त्यामुळे भाव आणखी चढले आणि बनावट करणाऱ्यांचं अधिकच फावलं. २००५मध्ये तर असं उघडकीला आलं, की त्याच्या न्हाव्यानं त्याचे कापलेले केस ३ हजार डॉलरला एका संग्राहकाला विकले होते. आर्मस्ट्राँगनं वकिलाकरवी पत्र धाडलं : केस परत मिळवा, नाहीतर मिळालेले पैसे धर्मादाय संस्थेला द्या. लोक त्याला घुम्या, माणूसघाणा म्हणत. पण स्वतःच्या सहीपासून केसांपर्यंत सगळ्याचा बाजार मांडलेला पाहिल्यावर माणसानं काय करायला हवं होतं? सही म्हणजे त्यानं समोरच्याला दिलेला आयुष्यातला एक क्षण. तो क्षण पुढच्या आठवड्यात लिलावात दिसू लागला, तर देणाऱ्याचा हात आखडणारच.

आज कुणालाही मोबाइलवर दोन मिनिटांत 'नील आर्मस्ट्राँगची अस्सल सही' विकायला ठेवलेली सापडेल. सोबत चकचकीत प्रमाणपत्र असेल. ते प्रमाणपत्र छापायला खर्च किती येतो, एवढा विचार आधी करा. प्रमाणपत्र देणारा कोण, वस्तू त्याच्याकडे कुठून आली, मधल्या पन्नास वर्षांत ती कुणाकुणाच्या घरी होती, याची साखळी सांगता येत नसेल, तर उरते ती सुंदर अक्षरातली शाई. सही कुणाच्या नावे केलेली असेल, तर बाजारात तिला भाव कमी मिळतो. पण अशी सही बनावट असण्याची शक्यताही थोडी कमी असते, कारण नकली माल विकणाऱ्याला कुठल्या तरी अनोळखी माणसाचं नाव लिहून गिऱ्हाईक घालवायचं नसतं.

मालकीचा प्रश्न मात्र बरीच वर्षं लोंबकळत होता. अंतराळवीरांनी यानातून घरी आणलेल्या याद्या, पुस्तिका, उपकरणं नक्की कुणाची? त्यांची, की सरकारची? नोव्हेंबर २०११मध्ये अपोलो १३च्या जेम्स लव्हेलची एक तपासणी-पुस्तिका लिलावात ३ लाख ८८ हजार ३७५ डॉलरला गेली आणि नासानं विचारलं, ही विकायचा याला हक्क आहे का? व्यवहार अडकला. अनेक जुन्या अंतराळवीरांना याचा धक्का बसला. अखेर सप्टेंबर २०१२मध्ये अमेरिकेत कायदा झाला : मर्क्युरी, जेमिनी आणि अपोलो मोहिमांच्या अंतराळवीरांनी जवळ ठेवलेल्या अशा वस्तूंवर मालकी त्यांचीच. चंद्रावरचे दगड मात्र यातून वगळले.

त्या पुस्तिकेबद्दल थोडं अधिक सांगायला हवं. एप्रिल १९७०मध्ये अपोलो १३च्या प्राणवायूच्या टाकीचा स्फोट झाला. मुख्य यानाची वीज संपत चालली होती. ती जाण्याआधी यानाची दिशा सांगणारे कोन चांद्रयानाच्या संगणकात भरायचे होते आणि दोन्ही यानांच्या मोजणीत फरक असल्यामुळे आकडे बदलून घ्यावे लागत होते. लव्हेलनं पेनानं पुस्तिकेच्या पानावरच बेरजा-वजाबाक्या केल्या. त्या धांदलीत स्वतःच्या गणितावर त्याचा पुरता विश्वास नव्हता. त्यानं ह्यूस्टनला आकडे वाचून दाखवले आणि सांगितलं, माझं अंकगणित एकदा तपासा. खाली बसलेल्यांनी कागदावर तीच आकडेमोड केली आणि कळवलं, बरोबर आहे.

अंतराळातून आलेल्या हस्ताक्षरांमध्ये मला सगळ्यात मोलाचं हेच वाटतं. शाळकरी मुलाच्या वहीत असतात तसे आकडे, आणि त्यांवर तीन जीव टांगलेले. असं पान दुसऱ्यांदा लिहायला कुठलाच साचा कामाला येत नाही.