मोल: आधी वजन, मग संख्या

नववीच्या वर्गात ‘मोल’ हा शब्द फळ्यावर लिहिला की मुलांना घरातलंच कुणी भेटल्यासारखं वाटतं. मोलभाव, मोलमजुरी, अनमोल. पण हा मोल त्या घरातला नाही. आपला मोल संस्कृत ‘मूल्य’पासून आला, रसायनशास्त्रातला लॅटिन ‘मोलेस’पासून. मोलेस म्हणजे ढीग, रास, अवजड वस्तू. तिचं लाडकं, लहान रूप म्हणजे मॉलिक्यूल, चिमुकली रास. आपण त्याला रेणू म्हणतो. आणि १८९०च्या दशकात लाइपझिगच्या विल्हेल्म ओस्टवाल्डने ‘ग्रॅम-मोलेक्यूल’ या लांबलचक जर्मन शब्दाला कात्री लावून ‘मोल’ केला. राशीची चिमुकली रास झाली होती, तिची पुन्हा मोठी रास झाली.

ओस्टवाल्डचा मोल म्हणजे निव्वळ वजन होतं. पदार्थाच्या रेणुवस्तुमानाचा जो आकडा, तितके ग्रॅम. पाण्याचा आकडा १८, तर १८ ग्रॅम पाणी म्हणजे एक मोल. चहाचे साडेतीन चमचे. त्यात रेणू किती, हा प्रश्न त्याच्या व्याख्येत नव्हताच, कारण ओस्टवाल्डचा अणूंवर विश्वास नव्हता. न दिसणाऱ्या कणांपेक्षा तराजूवर तोलता येईल तेच खरं, असं तो निक्षून सांगायचा. ज्याने मोल हा शब्द दिला तोच अणू नाकारत होता, ही गोष्ट मला या साऱ्या कुळकथेचा गाभा वाटते.

पण हा १८ आला कुठून? त्यासाठी मँचेस्टरला जायला हवं. तिथे १८०३मध्ये जॉन डाल्टनने हायड्रोजनला १ धरून इतर अणूंची वजनं मांडायला सुरुवात केली. पाण्यात एक हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन असावा, असं त्याने धरलं. म्हणून १८०८च्या त्याच्या ग्रंथात ऑक्सिजन ७ आला. मोजण्यातली चूक थोडी, मुख्य चूक सूत्रातली. पेच असा, की सूत्र कळल्याशिवाय अणूचं वजन निघत नाही आणि अणूचं वजन कळल्याशिवाय सूत्र निघत नाही.

किल्ली १८११मध्येच मिळाली होती. समान तापमान आणि दाब असताना वायूंच्या समान आकारमानांत रेणूंची संख्या समान असते, असं आमेदेओ ॲव्होगॅड्रोने मांडलं. दोन मापं हायड्रोजन आणि एक माप ऑक्सिजन यांचं पाणी होतं, म्हणजे पाण्यात हायड्रोजन दोन. ऑक्सिजन १६, पाणी १८. इतकं सरळ! तरी पन्नास वर्षं बहुतेकांनी तिकडे पाठ फिरवली. गोंधळ एवढा माजला की रसायनशास्त्रज्ञ केकुलेने १८६१च्या आपल्या पुस्तकात एकट्या ॲसेटिक ॲसिडची, म्हणजे व्हिनेगरमधल्या आम्लाची, १९ वेगवेगळी सूत्रं छापून दाखवली.

सप्टेंबर १८६०मध्ये कार्ल्सरूहे इथे युरोपातले रसायनशास्त्रज्ञ जमले. इटलीच्या स्तानिस्लाव कानित्झारोने ॲव्होगॅड्रोची बाजू तळमळून मांडली, पण ठराव काही झाला नाही. शेवटी त्याच्या मित्राने, आंजेलो पावेसीने, कानित्झारोची छोटी पुस्तिका लोकांच्या हाती दिली. ती वाचून लोथार मायरसारख्यांचं मत पालटलं आणि अणुवस्तुमानांचा तक्ता हळूहळू एक झाला. ॲव्होगॅड्रो मात्र चार वर्षांपूर्वीच गेला होता.

आता उरली संख्या. ती पॅरिसमध्ये झां पेराँने मोजली, आणि मोजायला घेतला गँबोज, चित्रकारांचा पिवळा रंग. गार्सिनिया प्रजातीतल्या झाडांचा हा चीक. आपलं कोकमही त्याच प्रजातीतलं. पेराँने तो पाण्यात कालवला, पुन्हा पुन्हा यंत्रात गरगर फिरवून एकसारख्या आकाराचे कण वेगळे केले. किलोभर गँबोजमधून, महिनोन्‌महिने खपून, हाती आले ग्रॅमच्या काही दशांश भागाइतके कण. मग सूक्ष्मदर्शकाखाली थेंबात वेगवेगळ्या उंचीवर तो कण मोजत बसला. ५ मायक्रॉन उंचीवर १००, तर ३५वर ४७, ६५वर २३ आणि ९५वर १२. दर ३० मायक्रॉनला कण जवळजवळ निम्मे होत होते. हवा निम्मी विरळ व्हायला साडेपाच किलोमीटरच्या आसपास चढावं लागतं, नियम तोच. कणाचं पाण्यातलं वजन माहीत होतं, म्हणून या दोन उंचींच्या प्रमाणावरून रेणूचं वजन निघालं. आणि एका रेणूचं वजन कळलं की मोलभर वजनात रेणू किती, हा साधा भागाकार. उत्तर आलं सातावर तेवीस शून्यं, आजच्या आकड्याहून थोडं जास्त. १९०९मध्ये पेराँने या संख्येला ॲव्होगॅड्रोचं नाव दिलं.

त्याच सुमारास ओस्टवाल्डनेही आपल्या पाठ्यपुस्तकाच्या नव्या प्रस्तावनेत अणू मान्य केले, आणि कारण म्हणून पेराँच्या प्रयोगांचं नाव घेतलं. इतक्या मोठ्या माणसाने छापील पानावर मत बदलावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

म्हणून वर्गात मी आधी तराजू काढतो. १८ ग्रॅम पाणी, ५८.५ ग्रॅम मीठ, ३४२ ग्रॅम साखर शेजारीशेजारी ठेवतो आणि मग विचारतो, यांच्यात सारखं काय? पुस्तकात संख्या पहिल्याच ओळीत येते, तेव्हा ती आकाशातून पडल्यासारखी वाटते.

१९७१मध्ये मोल आंतरराष्ट्रीय एककांत सामील झाला, तोही वजनाच्याच आधाराने: १२ ग्रॅम कार्बन-१२मध्ये जितके अणू, तितके कण. २० मे २०१९ला तोही आधार काढला गेला. आता मोल म्हणजे नेमके ६०२२१४०७६ आणि पुढे पंधरा शून्यं, इतके कण. त्या कार्बनचं वजन १२ ग्रॅमच भरतं का, हे आता प्रयोगाने ठरतं.