श्वास परत देणारे औषध आणि कानाचे मोल

सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने बहुऔषधरोधी क्षयरोगासाठी एका नव्या उपचारपद्धतीस मान्यता दिली. बेडाक्विलिन, प्रिटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन ही चार औषधे, आणि तीही सर्व तोंडावाटे घ्यायची. जो उपचार पूर्वी वीस महिन्यांपर्यंत लांबत असे, तो आता सहा महिन्यांत पूर्ण होऊ शकतो. या बातमीत कालावधीकडे लक्ष जाणे स्वाभाविक आहे. परंतु या पद्धतीत एकही इंजेक्शन नाही, ही बाबही तितकीच महत्त्वाची आहे. तिचे महत्त्व समजण्यासाठी आपल्या संगीताच्या इतिहासातील एका आजारपणाकडे वळावे लागते.

शिवपुत्र कोमकली, म्हणजेच कुमार गंधर्व, यांचा जन्म ८ एप्रिल १९२४ रोजी बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे झाला. मुंबईत प्रा. बी. आर. देवधर यांच्याकडे त्यांची तालीम झाली. ऐन विशीत, कीर्तीच्या शिखरावर असताना, त्यांना फुप्फुसाचा क्षय जडला. कोरड्या हवेसाठी १९४८ मध्ये ते माळव्यातील देवास येथे गेले. गाणे वर्ज्य झाले. अंथरुणाला खिळलेल्या या गायकाजवळ आता उरला होता तो केवळ कान. दारावरून जाणाऱ्यांची गाणी, माळव्यातील लोकधुना हे सारे त्यांनी याच काळात साठवले. पुढे त्यांनी रचलेले धुनउगम राग आणि ‘अनूपरागविलास’मधील बंदिशी पाहिल्या, की त्या सक्तीच्या मौनात कानाने किती काम केले होते याची कल्पना येते.

१९५२च्या सुमारास त्यांना स्ट्रेप्टोमायसिन मिळू लागले. अमेरिकेतील रटगर्स येथे सेलमन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ यांनी १९४३ मध्ये मातीतील सूक्ष्मजीवापासून ते मिळवले होते. क्षयाच्या जंतूंवर प्रभावी ठरलेले हे पहिले प्रतिजैविक. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत केवळ विश्रांतीवर ठेवलेल्या ५२ रुग्णांपैकी १४ जण सहा महिन्यांत दगावले, तर औषध मिळालेल्या ५५ पैकी फक्त ४. मात्र त्याच ५५ पैकी ३६ जणांना भोवळ येणे, तोल जाणे असा त्रास झाला. तोल सांभाळणारे इंद्रिय आणि श्रवणेंद्रिय दोन्ही अंतर्कर्णात शेजारी शेजारी असतात, आणि हे औषध त्या दोहोंना इजा करू शकते.

इजा होते ती अशी. आपल्या प्रत्येक कानातील शंखाकृती नलिकेत सुमारे १५,००० केशपेशी असतात. ध्वनीच्या कंपनांनी त्यांची सूक्ष्म टोके हलतात, त्यांवरील मार्गिका उघडतात आणि मेंदूकडे विद्युत्संदेश जातो. स्ट्रेप्टोमायसिनच्या कुळातील औषधे याच मार्गिकांतून आत शिरतात. जंतूंच्या ज्या रायबोसोमवर ती आघात करतात, त्याच्याशी आपल्या पेशींतील मायटोकॉन्ड्रियाच्या रायबोसोमचे बरेच साम्य असते. काही कुटुंबांत मायटोकॉन्ड्रियाच्या जनुकात १५५५ क्रमांकाच्या जागी एका अक्षराचा बदल आढळतो. त्यामुळे हे साम्य आणखी वाढते आणि औषधाच्या अल्प मात्रेनेही बहिरेपणा येऊ शकतो. हा बदल आईकडून अपत्यांकडे जातो. मानवी केशपेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत.

कुमारजी १९५३ मध्ये पुन्हा मैफलीत गाऊ लागले आणि १९९२ पर्यंत गात राहिले. एक फुप्फुस निकामी असूनही त्यांनी घडवलेल्या गायकीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. ज्या औषधाने त्यांना श्वास परत दिला, त्याच औषधाचा उपद्रव श्रुतींचे सूक्ष्म भेद टिपणाऱ्या त्यांच्या कानालाही होऊ शकला असता, हे मात्र क्वचितच लक्षात घेतले जाते. पुढील दशकांत कॅनामायसिन, कॅप्रिओमायसिन यांसारखी इंजेक्शने महिनोन्‌महिने घेऊन असंख्य रुग्ण क्षयातून वाचले. त्यांतील अनेकांनी मात्र श्रवणशक्ती कायमची गमावली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये या दोन्ही औषधांची शिफारस मागे घेतली. आज आपण ज्या गोळ्यांपर्यंत पोहोचलो आहोत, त्यांच्यामागे हा इतिहास आहे.

संगीतकाराच्या बहिरेपणाचा विषय निघाला की बेथोवेनचे नाव येतेच. १८०१ मध्ये त्याने मित्राला पत्रातून कळवले, की वाद्यांचे आणि गळ्यांचे उंच स्वर दुरून ऐकू येत नाहीत. भौतिकीच्या दृष्टीने हे लक्षण बोलके आहे. उंच स्वर शंखनलिकेच्या प्रवेशद्वाराशीच टिपले जातात आणि तेथील पेशी सर्वांत नाजूक असतात. परंतु वय, गोंगाट, औषधे अशा अनेक कारणांचा पहिला घाव तेथेच पडतो. म्हणून केवळ लक्षणावरून कारण ठरत नाही. २०२३ मध्ये त्याच्या केसांतील डीएनएचे विश्लेषण झाले. यकृतविकाराचा अनुवांशिक धोका आणि हिपॅटायटिस-बीचा संसर्ग आढळला, बहिरेपणाचे कारण सापडले नाही. २०२४ मध्ये केसांत शिशाचे प्रमाण फार मोठे असल्याचे दिसून आले. शिसे श्रवणदोषाला हातभार लावू शकते, पण तेच एकमेव कारण होते असे त्यावरून सिद्ध होत नाही.

औषधजन्य बहिरेपणाची गोष्ट वेगळी आहे. त्याचे कारण ठाऊक आहे आणि तो बऱ्याच अंशी टाळता येतो. नवी औषधेही निर्धोक नाहीत: लिनेझोलिड मज्जातंतूंना त्रास देऊ शकते, बेडाक्विलिन घेताना हृदयाच्या लयीवर लक्ष ठेवावे लागते. शिवाय जेंटामायसिन आणि अमिकासिन गंभीर संसर्गात आजही वापरावी लागतात, आणि अनेकदा तीच जीव वाचवतात. अशा वेळी आईकडच्या नातलगांत कोणाला औषधानंतर बहिरेपणा आला होता का, हे डॉक्टरांना अवश्य सांगावे. उपचार दीर्घ असेल तर आरंभी आणि मध्यंतरी श्रवणचाचणी करून घ्यावी. कानात गुणगुण सुरू झाली किंवा तोल जाऊ लागला, तर त्याच दिवशी कळवावे. दोनशे वर्षांपूर्वीच्या एका कानाचे निदान आपल्याला अजून साधलेले नाही. आज उपचार घेणाऱ्या रुग्णाचे कान जपणे मात्र आपल्या आवाक्यात आहे.