स्कॉटिश राष्ट्रीय युद्धस्मारक

स्कॉटलंडची राजधानी एडिंबरो येथील डोंगरी किल्ल्यातील एक प्रसिद्ध स्मारक. पहिल्या महायुद्धात (१९१४–१८) कामी आलेल्या स्कॉटिश स्त्रीपुरुषांच्या स्मरणार्थ ते उभारण्यात आले. मृत ज्वालामुखीच्या कठीण खडकावर वसलेला हा किल्ला समुद्रसपाटीपासून सु. १३० मी. उंचीवर आहे. बाराव्या शतकातील सेंट मार्गारेटचे प्रार्थनामंदिर ही त्यातील सर्वांत जुनी वास्तू असून येथील राजवाड्यात १५६६ मध्ये सहाव्या जेम्सचा जन्म झाला.

इंग्लंडशी झालेल्या १७०७ च्या ऐक्यानंतर स्कॉटलंडची स्वतंत्र संसद संपुष्टात आली. ती १९९९ पर्यंत पुन्हा अस्तित्वात आली नाही. साहजिकच १९१७ साली लंडनमध्ये साऱ्या साम्राज्यासाठी युद्धसंग्रहालय स्थापण्याची योजना पुढे आली, तेव्हा स्कॉटलंडने आपल्या मृतांचे स्मारक आपल्याच भूमीवर व आपल्याच पैशाने उभारावे, असा आग्रह ॲथलच्या ड्यूकने धरला. त्यासाठी लोकवर्गणी जमविण्यात आली. तथापि उंच वास्तूमुळे किल्ल्याचे परिचित दृश्य बिघडेल, म्हणून पहिल्या आराखड्यास तीव्र विरोध झाला. तेव्हा वास्तुशिल्पज्ञ सर रॉबर्ट लॉरिमर (१८६४–१९२९) याने तो बदलून अठराव्या शतकातील बराकीचेच स्मारकात रूपांतर केले. १४ जुलै १९२७ रोजी वेल्सच्या युवराजाने त्याचे उद्घाटन केले.

स्मारकाच्या दालनात निरनिराळ्या पलटणींसाठी स्वतंत्र कक्ष आहेत. तेथील नामावलींची पाने उलटून प्रेक्षकाला आपल्या आप्ताचे नाव शोधता येते. गाभाऱ्यात फरशी भेदून मूळ खडक वर आलेला असून त्यावरील वेदीवर नामावलींची पोलादी पेटी ठेवलेली आहे. पहिल्या महायुद्धातील एक लाखाहून अधिक नावांत पुढे दुसऱ्या महायुद्धातील सु. पन्नास हजार नावांची भर पडली. परिचारिका, ओझी वाहणारी जनावरे, तसेच भुयारे खणणाऱ्यांच्या सोबतीचे उंदीर व कॅनरी पक्षी यांचीही शिल्पे येथे आहेत. काचचित्रे डग्लस स्ट्रॅचन याची आहेत.

किल्ल्यातच राष्ट्रीय युद्धसंग्रहालय (स्था. १९३३) असून त्यात शस्त्रे, गणवेश, पदके व सैनिकांची पत्रे मांडलेली आहेत. स्कॉटिश पलटणींचा महाराष्ट्राशीही संबंध आला. असईच्या लढाईत (२३ सप्टेंबर १८०३, सध्याचा जालना जिल्हा) शिंदे-भोसल्यांच्या सैन्याविरुद्ध लढलेल्या ७४ व्या पलटणीची परंपरा सांगणाऱ्या हायलंड लाइट इन्फंट्रीच्या बिल्ल्यावर त्या विजयाची खूण म्हणून हत्ती कोरलेला असे. बिल्ला विजय सांगतो, नामावली त्याची किंमत सांगते. संग्रहालय पाहून स्मारकात येणाऱ्यास हा फरक जाणवतो. शस्त्रांचा अभिमान व मृतांचा शोक ही एकाच इतिहासाची दोन अंगे असून एडिंबरोच्या किल्ल्यात ती एकमेकांपासून काही पावलांवरच आढळतात.