जंजिऱ्याचा शेजार

पुणें जिल्ह्यांतील मुळशीच्या धरणाचें पाणी नळांतून सह्याद्रि उतरतें, कोंकणांत भिरा येथें विजेचीं यंत्रें फिरवितें आणि पुढें कुंडलिकेच्या पात्रानें रेवदंड्यापाशीं समुद्रास मिळतें. आज ज्या दिशेनें हें पाणी जातें, त्याच दिशेनें शिवकालीं मावळांतील माणसें जात असत. मुळशीच्या मुलखांतील घनगड व कोरीगड हे किल्ले कोंकणच्या वाटांवर नजर ठेवून उभे आहेत. ताम्हिणीची वाट उतरली कीं निजामपूर लागतें, आणि तेथून नैर्ऋत्येस गेलें कीं राजपुरीची खाडी. या खाडीच्या मुखाशीं मुरूडनजीक एक खडकाळ बेट आहे, तेंच जंजिरा. मावळांतून उगवलेलें राज्य पुढें अटकेपर्यंत गेलें; परंतु घाटाखालचें हें बेट त्यास कधींहि हस्तगत झालें नाहीं. असें कां व्हावें?

तटाची मजबुती हें या प्रश्नाचें नेहमींचें उत्तर. तें खोटें नव्हे. चोहोंकडे समुद्र, पाण्यांतून वर आलेला तट, त्यावर मोठ्या पल्ल्याच्या तोफा आणि आंत गोड्या पाण्याचे तलाव. परंतु तलाव असले तरी बेटावर भात पिकत नव्हतें. धान्य, लांकूड आणि वसूल यांसाठीं सिद्दीस किनाऱ्यावरील गांवांकडे पाहावें लागे. हीं गांवें मराठ्यांच्या घोडदळाच्या टप्प्यांत होतीं. म्हणजे बेट अजिंक्य असलें तरी बेटाचें राज्य अजिंक्य नव्हतें. तें टिकलें याचें कारण तटाबाहेर शोधावें लागतें.

सिद्दी हे मूळचे हबशी. प्रथम ते अहमदनगरच्या निजामशाहीचे चाकर होते. ती बुडाल्यावर विजापूरचे झाले. शिवाजी महाराजांनीं १६५७ नंतर त्यांचा किनारा दाबण्यास आरंभ केला आणि दंडा-राजपुरी घेतली. वेढा इतका कडक झाला कीं किल्ल्याचा अधिकारी फत्तेखान बेट स्वाधीन करण्यास तयार झाला. तोंच त्याच्या हाताखालच्या सिद्दींनीं त्यास कैद केलें आणि विजापूर सोडून मोंगल बादशहाची चाकरी पत्करली. चाकरी बदलतांच सुरतेकडील पैसा व जहाजें त्यांच्या पाठीशीं आलीं. १६७१ त सिद्दी कासमानें दंडा-राजपुरी परत जिंकली. महाराजांनीं समोरच्या कांसा बेटावर पद्मदुर्ग उभारला. मोरोपंत पिंगळे यांनीं पुन्हां वेढा घातला. परंतु बेट पडलें नाहीं. पावसाळ्यांत सिद्दीचें आरमार मुंबईस माझगांवच्या आश्रयास जाई, आणि त्यावरून महाराजांचा इंग्रजांशीं वारंवार खटका उडे. १६८२ त संभाजी महाराज स्वतः वेढ्यावर आले. त्यांनीं खाडींत भर घालून बेटापर्यंत वाट करण्याचा उद्योग मांडला. तेव्हां मोंगलांची फौज कल्याण प्रांतांत उतरली आणि महाराजांना तिकडे वळावें लागलें. प्रत्येक वेळीं बेट वाचलें तें दुसऱ्या कोणाच्या तरी बळावर.

पुढच्या शतकांत प्रसंगाला निराळाच रंग चढला. पेशव्यांचें भट घराणें मूळचें श्रीवर्धनचें. तेथील देशमुखी त्यांच्याकडे होती आणि श्रीवर्धन सिद्दीच्या अंमलाखालीं होतें. सिद्दीच्या वैरामुळें ज्या बाळाजी विश्वनाथांना घाट चढून यावें लागलें, त्यांचेच पुत्र बाजीराव १७३३ त पेशवे म्हणून राजपुरीवर चालून गेले. त्या वर्षीं सिद्दी रसूल याकुतखान वारला आणि वारसांत कलह माजला. बाजीरावांनीं अब्दुल रहमान याचा पक्ष घेतला. याच मोहिमेंत प्रतिनिधींनीं रायगड परत मिळविला. परंतु इकडे मुंबईकर इंग्रजांनीं सिद्दीस साह्य दिलें, तिकडे सेखोजी आंग्रे वारले. आरमाराचा आधार गेला आणि बेट घेण्याचा विचार सोडावा लागला.

तेव्हां तह झाला. त्याचें मर्म असें कीं त्यानें बेटाचा प्रश्न बाजूस ठेवला व किनाऱ्याचा सोडविला. सिद्दीच्या अकरा महालांची निमेनिम वाटणी ठरली. साडेपांच मराठ्यांचे, साडेपांच सिद्दीचे. हा तह न मानणारा सिद्दी सात १७३६ च्या एप्रिलांत रेवसनजीकच्या लढाईंत चिमाजी अप्पांच्या हातून मारला गेला, आणि त्याच वर्षीं सप्टेंबरांत वाटणी कायम झाली. शेकडों तोफांनीं जें साधलें नाहीं तें एका कागदानें बरेंचसें साधलें. कारण त्या कागदामागें किनाऱ्यावर लढाई जिंकलेली फौज उभी होती.

दुसरा एक कागद मात्र निष्फळ ठरला. १७८४ त गादीचा वारस बाळूमियां यास सिद्दी जोहरानें हुसकून लावलें. तो पुण्यास नाना फडणिसांच्या आश्रयास आला. १७९१ त त्यानें जंजिऱ्यावरील आपला हक्क पेशव्यांस लिहून दिला आणि मोबदल्यांत सुरतेजवळचें सचीन संस्थान घेतलें. कागद बिनचूक होता; परंतु ज्यानें तो लिहून दिला त्याच्या हातीं बेट नव्हतें, आणि ज्यांच्या हातीं बेट होतें त्यांनीं त्यावर सही केली नव्हती. बाळूमियांचे वंशज सचीनचे नबाब झाले. पेशव्यांस जंजिरा मिळाला नाहीं.

१८१८ त पेशवाई गेली, जंजिरा राहिला. इंग्रजांच्या छत्राखालीं संस्थान आणखी एकशें तीस वर्षें चाललें. १९४७ त तें छत्र उडालें, आणि निजामशाहीपासून चालत आलेली आधाराची सांखळी प्रथमच तुटली. १९४८ च्या आरंभीं किनाऱ्यावरील प्रजेनेंच उठाव केला. मोहन धारियांसारखे तरुण त्यांत पुढें होते. मार्चमध्यें संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें. त्यासाठीं खाडींत दगड टाकावे लागले नाहींत कीं तटास शिड्या लावाव्या लागल्या नाहींत.

लहान बेटाचा मोठा शेजारी नेहमीं बेटाकडे पाहतो. जंजिऱ्याचा इतिहास सांगतो कीं त्यानें दोन गोष्टी पाहाव्या: बेटाच्या मागें क्षितिजावर कोणाचीं शिडें दिसतात, आणि समोरच्या किनाऱ्यावरची रयत कोणाला आपलें मानते.