शापाचे चार चरण

स्मृतिभ्रंश आणि घरात दडवून ठेवलेले सत्य, या दोन गोष्टींवर आजच्या कितीतरी रहस्यकादंबऱ्या उभ्या असतात. 'अभिज्ञानशाकुन्तल' त्याच जातीचे आहे, फक्त आपण ते तसे वाचत नाही. महाभारताच्या आदिपर्वात राजा दुष्यन्ताला काहीही विसर पडलेला नाही. शकुन्तला समोर येते तेव्हा तो जाणूनबुजून कानांवर हात ठेवतो. विसर कालिदासाने आणला. चौथ्या अंकाच्या विष्कंभकात, पडद्याआडून, वंशस्थ वृत्ताच्या एका श्लोकात. शाप देणारा दुर्वास ऋषी रंगमंचावर येतच नाही. अठ्ठेचाळीस अक्षरांत तो पुढच्या तीन अंकांचे कथानक सांगून मोकळा होतो.

पहिला चरण. तू ज्याचे चिंतन एकचित्ताने करते आहेस, असा आरंभ. हा चरण सुटा ऐकला तर स्तुतीच वाटेल. पतीच्या ठायी एकचित्त असणे हा परंपरेने सांगितलेला गुण, आणि इथे तोच आरोपपत्राचे पहिले कलम झाला आहे. पण माझे लक्ष अडते ते 'यम्' या सर्वनामावर. 'ज्याला', इतकेच. राजाचे नाव ऋषी घेत नाही. दुष्यन्त-शकुन्तलेचा गांधर्वविवाह तोवर तिचे पालक पिता कण्व यांनाही ठाऊक नाही, ते सोमतीर्थाला गेलेले आहेत. आश्रमातले हे गुपित शापातही गुपितच राहते. 'ज्याला'चा 'तो' थेट तिसऱ्या चरणात येतो, तोही निनावी.

दुसरा चरण. दारी आलेल्या तपस्व्याला, म्हणजे मला, तू जाणत नाहीस. स्वतःला 'तपाचे धन असलेला' म्हणवून घेणारा हा पाहुणा जरा मानी आहे खरा. तो असो. पाहण्यासारखे आहे ते नकाराचे स्थान : क्रियापद आधी, 'न' मागून.

तिसरा चरण. पुन्हा तीच ठेवण. 'आठवेल' हे क्रियापद चरणाच्या आरंभी, मग 'तुला', आणि मग 'न'. मराठीत नकार शेवटी येण्यात नवल नाही. संस्कृतात शब्द कुठेही ठेवता येतात, म्हणून ही जागा निवडलेली आहे. ऐकणाऱ्याला क्षणभर आशा वाटते आणि लगेच ती हिसकावली जाते. शिवाय गुन्हा आणि शिक्षा एकाच साच्यात ओतलेली : तू समोर असलेल्याला ओळखले नाहीस, तो समोर आलेल्या तुला ओळखणार नाही. आठवण करून दिली तरीही नाही, अशी पुस्तीही जोडलेली आहे, आणि पाचव्या अंकात ती अक्षरशः खरी होते. शकुन्तलेसोबत आलेली गौतमी सांगते, कण्वशिष्य शार्ङ्गरव संतापतो, शकुन्तला हरिणपाडसाची गोष्ट सांगते, राजा ढिम्म. (अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुन्तल'चा पहिला प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात झाला तेव्हा चारच अंक रंगले. त्या रात्री प्रेक्षक शाप ऐकून घरी गेले, फळ त्यांनी नंतर पाहिले. रहस्यकथेला याहून चांगले मध्यंतर कोणते?)

चौथा चरण. सगळे मर्म इथे आहे, आणि इथेच टीकाकार घाई करतात. उपमा दिली आहे ती 'प्रमत्ता'ची, म्हणजे झिंगलेल्या माणसाची, ज्याला आपणच आधी बोललेले बोलणे आठवत नाही. विस्मरणाला दुसऱ्या उपमा होत्या : धुके, मळलेला आरसा, ग्रहण लागलेला चंद्र. त्यांत दोष कोणाचाच नसतो. झिंगलेल्याचे तसे नाही. शब्द त्याचे स्वतःचे, नशाही स्वतःच केलेली. ऐकणाऱ्याला सगळे आठवते, बोलणाराच कोरा. शापामुळे राजा निर्दोष ठरतो, कालिदासाने नायकाची अब्रू वाचवली, असे आपण शाळेपासून ऐकतो. मला ते अर्धेच पटते. अब्रू वाचवली हे खरे, पण वाचवता वाचवता या उपमेत एक काटा ठेवून दिला.

तरी कालिदासाचा 'प्रमत्त' पुरता कोरा नाही. पाचव्या अंकात राणी हंसपदिकेचे गाणे कानी पडते आणि राजा कारणाशिवाय अस्वस्थ होतो. प्रसंग गेला, हुरहूर राहिली. १९११ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात एदुआर क्लापारेद या स्विस मानसतज्ज्ञाने एका स्मृती गेलेल्या बाईशी हात मिळवताना तळहातात लपवलेली टाचणी टोचली. पुढच्या खेपेला तिला टाचणी आठवत नव्हती, पण हात पुढे करायला ती तयार नव्हती. दुष्यन्ताची हुरहूर याच प्रकारातली.

श्लोक इथे संपतो, गुपित संपत नाही. शकुन्तलेची सखी प्रियंवदा ऋषीची मनधरणी करून उःशाप मिळवते : ओळखीचा दागिना दिसताच शाप सुटेल. तो दागिना म्हणजे अंगठी, आणि तिच्यावर काय कोरलेले आहे? चारही चरणांनी टाळलेले राजाचे नाव. पण मग दोघी सख्या ठरवतात की हे आपल्या दोघींतच ठेवायचे. शकुन्तला नाजूक, तिला सोसणार नाही. निरोप देताना त्या एवढेच सांगतात की राजाने ओळखायला वेळ लावला तर अंगठी दाखव. का, ते सांगत नाहीत. शचीतीर्थावर पाण्याला वंदन करताना अंगठी गळून पडते, तेव्हा आपण काय गमावले हे तिला कळण्याचा मार्गच उरलेला नसतो. माझ्या मते ऋषीच्या कोपाने जितके झाले तितकेच या मायेने झाले.

शकुन्तलेला हे सारे कळते ते सातव्या अंकात, मारीच ऋषींच्या तोंडून. आपल्याला शाप मिळाल्याचे आठवत नाही, असे ती तेव्हा म्हणते.