मूळ सेटिंग्ज परत आणण्याच्या रीतीची कुळकथा

एखादा प्रोग्राम काढून टाकल्यावर त्याने बदललेल्या सेटिंग्ज पूर्ववत व्हाव्यात, ही अपेक्षा आज स्वाभाविक वाटते. परंतु ती पुरी करण्याची रीत 1990 च्या दशकात टप्प्याटप्प्याने घडली. विंडोज 3.1 च्या काळात अनेक प्रोग्राम ‘विन.आयएनआय’ या सामाईक फाईलमध्ये आपापल्या ओळी लिहीत, आणि कोणती ओळ कोणाची याची नोंद नसल्याने प्रोग्राम गेला तरी त्या ओळी मागे राहत. विंडोज 95 ने प्रोग्राम काढण्यासाठी एकत्र यादी दिली, तरी प्रत्यक्ष साफसफाई त्या त्या प्रोग्रामच्या अनइन्स्टॉलरवरच सोपवलेली होती.

इयान मर्डॉक यांनी 1993 मध्ये सुरू केलेल्या डेबियन या लिनक्स वितरणात हाच प्रश्न मालकीच्या अंगाने हाताळला गेला. तेथे सॉफ्टवेअर पॅकेजच्या, म्हणजे फाईली आणि त्या बसवण्या-काढण्याच्या सूचना यांच्या एकत्रित गठ्ठ्याच्या रूपात येते, आणि कोणती फाईल कोणत्या पॅकेजची याची नोंद ‘डीपीकेजी’ हा व्यवस्थापक ठेवतो. ‘रिमूव्ह’ केल्यास प्रोग्राम जातो, पण सेटिंग्जच्या फाईली राहतात; ‘पर्ज’ केल्यास त्याही जातात.

एका पॅकेजला दुसऱ्याची फाईल बदलायची असेल, तर मात्र ही नोंद अपुरी पडे. त्यासाठी इयान जॅक्सन यांनी 1995 मध्ये ‘डीपीकेजी-डायव्हर्ट’ हे साधन लिहिले. ते मूळ फाईल न पुसता दुसऱ्या नावाने बाजूला ठेवते, हा वळसा नोंदवते आणि नवे पॅकेज काढताना मूळ फाईल पुन्हा जागेवर आणते. नुसती प्रत जपण्यापेक्षा ही रीत सरस ठरते, कारण दरम्यान मूळ पॅकेज अद्ययावत झाले, तर त्याची नवी फाईलही त्या बाजूच्या नावानेच उतरते. परिणामी परत येणारी फाईल शिळी नसते. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या ‘डेबअथेना’ प्रकल्पाने आपल्या संगणकांच्या सेटिंग्जसाठी याच तत्त्वाचा आधार घेतला.

वळसा संपूर्ण फाईललाच लागू पडत असल्याने, एकाच फाईलमध्ये अनेकांना फेरफार करायचे असल्यास तो निरुपयोगी ठरतो. म्हणून ठरावीक वेळी कामे चालवणाऱ्या ‘क्रॉन’ प्रोग्रामच्या ‘क्रॉन.डी’सारख्या निर्देशिका रूढ झाल्या, ज्यांत प्रत्येक पॅकेज आपली स्वतंत्र छोटी फाईल ठेवते आणि जाताना तेवढीच उचलून नेते. पूर्ववत करण्याची सर्वांत खात्रीची रीत हीच आहे, कारण तिच्यात दुसऱ्याच्या फाईलला मुळात हातच लागत नाही.